यंदापुरता हिशेब

२०२५च्या मे महिन्यात आयटीसीचे तिमाही निकाल आले, तेव्हा नुसते मथळे वाचणाऱ्यांचे डोळे विस्फारले. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतला नफा सुमारे १९,८०० कोटी रुपये! आदल्या वर्षी याच तिमाहीत तो पाच हजार कोटींच्या थोडा वर होता. सिगारेटी काही चौपट खपल्या नव्हत्या, की कणकेच्या पिशव्यांना सोन्याचा भाव आला नव्हता. कंपनीने १ जानेवारी २०२५पासून आपला हॉटेलांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत काढला होता, इतकेच. त्या व्यवसायाची वहीतली किंमत आणि बाजारात भरणारी किंमत यांतला पंधरा हजार कोटींहून मोठा फरक हिशेबात नफा म्हणून नोंदवला गेला. या नोंदीपायी तिजोरीत रोख रुपयासुद्धा आला नाही. हॉटेले बाजूला ठेवून उरलेल्या धंद्याचा नफा पाहिला, तर तो जवळजवळ आदल्या वर्षीइतकाच होता.

या रकमेवर तक्त्यात लावलेली चिठ्ठी होती ‘एक्सेप्शनल आयटेम्स’ची. मराठीत ‘अपवादात्मक बाबी’. दलाल स्ट्रीटवर आणि टीव्हीच्या चर्चांत याच गोष्टीला ‘वन-ऑफ’ किंवा ‘वन-टाइम’ म्हणतात. आपल्या घरी हिशेबाची वही लिहिणारे कोणी असेल, तर तिथे हाच शब्द वेगळ्या रूपात भेटतो: यंदापुरते. यंदा लग्न होते म्हणून खर्च वाढला, यंदा छपराचे पत्रे बदलले म्हणून शिल्लक कमी. पुढच्या वर्षीचा अंदाज बांधताना या रकमा धरायच्या नाहीत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. अर्थ साधा आहे. भानगड सुरू होते ती ‘यंदापुरते’ हे ठरवणार कोण, या प्रश्नापासून.

‘वन-ऑफ’ हा शब्द मुळात हिशेबनिसांचा नव्हेच. तो ब्रिटिश कारखान्यांतून आला. ओतकामात एका साच्यावरून किती नग काढायचे, ते ‘ट्वेंटी ऑफ’, ‘फोर ऑफ’ असे लिहायची पद्धत होती. एकच नग हवा असला की ‘वन ऑफ’. कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्री चालवणाऱ्याला यातले मर्म सांगावे लागणार नाही. एकाच कास्टिंगसाठी पॅटर्न बनवायचा, तर त्या पॅटर्नचा सगळा खर्च त्या एका नगावर पडतो. हजार नग निघणार असतील तर तोच खर्च हजार ठिकाणी वाटला जातो. म्हणजे एकदाच की वारंवार, यावर भाव ठरतो. शेअर बाजारातही नेमके तेच होते.

एखाद्या शेअरचा भाव महाग की स्वस्त, हे बघायला लोक साधारणपणे भावाला प्रतिशेअर कमाईने भागतात. या भागाकाराला पीई म्हणतात. शंभर रुपयांच्या शेअरमागे कंपनी वर्षाला पाच रुपये कमावत असेल, तर पीई वीस. भागाकारामागचे गृहीतक असे, की हे पाच रुपये पुढेही येत राहणार. त्यांतले तीन रुपये जुनी इमारत विकून आले असतील, तर खरी कमाई दोनच रुपये आणि पीई पन्नास. आयटीसीचे उदाहरण घ्या. त्या निकालानंतर मोबाइलवरच्या अॅपने सरळ चार तिमाहींचा एकूण नफा धरला, तर पीई पंधराच्या आसपास दिसायचा. हॉटेलांची ती नोंद काढून टाकली, की पंचवीसच्या पुढे. शेअर तोच, दिवस तोच, आकडे मात्र दोन. पहिला आकडा बघून ‘काय स्वस्त मिळतोय’ म्हणत जो धावला, त्याने धावण्याआधी एक ओळ वाचली नव्हती.

ही ओळ भारतात कायद्याने ठरवून दिलेल्या तक्त्यात असते. कंपनी कायदा २०१३च्या तिसऱ्या अनुसूचीत नफा-तोटा पत्रकाचा नमुना आहे. उत्पन्न, मग खर्च, मग ‘अपवादात्मक बाबी व करापूर्वीचा नफा’, त्याखाली ‘अपवादात्मक बाबी’ आणि मग ‘करापूर्वीचा नफा’. गंमत म्हणजे मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या लेखामानकांत अपवादात्मक कशाला म्हणायचे, याची व्याख्याच नाही. रकाना आहे, व्याख्या नाही. रक्कम मोठी किंवा वेगळ्या जातीची असेल तर ती स्वतंत्र दाखवा, असे मानक सांगते आणि काही नमुने देते: मालाची किंमत घटवणे, व्यवसायाची फेररचना, मालमत्ता विकणे, कोर्टातल्या दाव्यांचा निकाल. बाकी कंपनीचे संचालक आणि लेखापरीक्षक यांच्या विवेकावर.

जुन्या भारतीय लेखामानकात आणखी एक, त्याहून कडक कप्पा होता: ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’, म्हणजे असाधारण बाबी. कंपनीच्या नेहमीच्या कामकाजापासून स्पष्टपणे वेगळी आणि वारंवार न घडणारी घटना असली, तरच तिला तिथे जागा. पाचव्या क्रमांकाच्या त्या मानकात भूकंपाचा दाखला दिला आहे. भूकंपात कारखाना कोसळला तर ते नुकसान असाधारण मानता येईल. पण विमा कंपनीला त्याच भूकंपाचे दावे भरावे लागले, तर ते मात्र असाधारण नाहीत. भूकंपाचा विमा उतरवणे हा तर तिचा धंदाच! मानकांच्या रुक्ष भाषेत इतके नेमके उदाहरण क्वचित सापडते. जमीन एकदाच हादरली, पण ते ‘एकदाच’ कोणाचे आहे हे वही कोणाची यावर ठरते.

हा कप्पा पुढे जगभर बंद होत गेला. आंतरराष्ट्रीय मानकांनी तो २००५पासून मोडीत काढला. भारतातही २०१६पासून टप्प्याटप्प्याने नवी मानके आली, तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या तक्त्यातून ‘असाधारण’ गेले आणि ‘अपवादात्मक’ तेवढे राहिले. अमेरिकेची गोष्ट जास्त बोलकी. तिथे ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर प्रश्न आला, की या नुकसानीला असाधारण म्हणायचे का. याहून असाधारण काय असणार, असे कोणालाही वाटेल. तरी मानके ठरवणाऱ्या मंडळींनी शेवटी नकार दिला. विमान कंपन्या हल्ल्याच्या आधीच अडचणीत होत्या. त्यांच्या तोट्यातला किती वाटा हल्ल्याचा आणि किती आधीच्या मंदीचा, हे वेगळे काढताच येईना. ज्या कप्प्यात ही घटनासुद्धा बसत नाही तो कप्पा ठेवायचा कशाला, अशी कुजबुज तेव्हापासूनची. २०१५ साली अमेरिकेने तो काढून टाकला.

आता तोट्याकडे वळू, कारण ‘एकदाच’ची खरी परीक्षा तिथे होते. २०१५च्या उन्हाळ्यात मॅगीवर बंदी आली, ती बाजारातून परत बोलावली गेली आणि नष्ट करण्यात आली. एप्रिल ते जून या तिमाहीत नेस्ले इंडियाने त्यापोटी सुमारे ४५० कोटी रुपये अपवादात्मक म्हणून दाखवले आणि कंपनी ६४ कोटींच्या तोट्यात गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानांत आली. तो खर्च पुढच्या वर्षांत उगवला नाही. शब्दाचा हा प्रामाणिक वापर म्हणता येईल, जरी त्या वर्षीची बुडालेली विक्री कुठल्याही रकान्यात लिहिता येत नव्हती.

टाटा मोटर्सचे प्रकरण इतके सरळ नाही. २०१८च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत कंपनीने जवळपास २७ हजार कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला. भारतीय कंपनीचा तोपर्यंतचा सर्वांत मोठा तिमाही तोटा. त्याचे मूळ तिच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरमध्ये होते. चीनमधली विक्री घसरलेली, डिझेल गाड्यांवरून युरोपात नाराजी, ब्रेक्झिटची धास्ती. त्या कंपनीच्या मालमत्तेची वहीतली किंमत ३.१ अब्ज पौंडांनी खाली आणावी लागली. व्यवस्थापनाचे म्हणणे होते की यात रोख पैसा जात नाही. ते खरेच होते. पण अर्धे खरे. त्या तिमाहीत पैसा गेला नाही, कारण तो आधीच्या वर्षांत गेलेला होता: कारखान्यांवर, नव्या मॉडेलांवर. तेव्हा तो खर्च म्हणून नफ्यातून वजा न होता मालमत्ता म्हणून वहीत बसला होता. आता कळले, की ती मालमत्ता तेवढ्या मोलाची नाही. म्हणजे अनेक वर्षांच्या चुकीच्या अंदाजाचे बिल एका तिमाहीवर फाडले गेले. त्यात आणखी एक छुपा फायदा असतो. किंमत एकदा खाली आणली, की पुढच्या वर्षांचा घसारा कमी होतो आणि पुढचे नफे आपोआप बरे दिसू लागतात.

टाटा मोटर्सचा हा विक्रम वर्षभरही टिकला नाही. २४ ऑक्टोबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाच्या व्याख्येचा वाद सरकारच्या बाजूने निकाली काढला. फोनच्या धंद्याबाहेरचे व्याज, भाडे, लाभांश अशा उत्पन्नावरही परवाना शुल्क लागणार, असे ठरले. तेही दशकाहून अधिक मागच्या वर्षांपासून, व्याजासह, दंडासह आणि दंडावरच्या व्याजासह. मुद्दलापेक्षा हा वरचा भारच मोठा. नोव्हेंबरमध्ये व्होडाफोन आयडियाने तीन महिन्यांचा तोटा जाहीर केला: ५०,९२२ कोटी रुपये. एअरटेलचा २३,०४५ कोटी. दोघांनीही ही रक्कम अपवादात्मक दाखवली आणि नियमाप्रमाणे त्यात काही वावगे नव्हते. तरी खोलात गेले की जाणवते, ही बाब ‘एकदा’ घडलेली नव्हती. ती दरवर्षी थोडी थोडी घडत होती, कंपन्या ती हिशेबात धरत नव्हत्या आणि त्या त्या वर्षांचे नफे तेवढ्याने फुगलेले होते. न्यायालयाने फक्त तारीख दिली.

पण मासल्याचे उदाहरण हवे असेल तर ते टीसीएसचे. अमेरिकेत रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक सिस्टिम्स या कंपनीने आपली गोपनीय माहिती घेतल्याचा दावा टीसीएसवर २०१४मध्ये लावला. २०१६मध्ये विस्कॉन्सिनच्या ज्यूरीने ९४ कोटी डॉलरचा निवाडा दिला. पुढे अपिलांत रक्कम उतरत गेली. २०२०च्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीत टीसीएसने या दाव्यापोटी १,२१८ कोटी रुपयांची तरतूद केली: अपवादात्मक. २०२३च्या अखेरीस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला, तेव्हा आणखी ९५८ कोटी: पुन्हा अपवादात्मक. एकच खटला, एकदाच होणारा खर्च, दोन वेळा. यात फसवणूक कसलीच नाही. न्यायालयाचे टप्पे जसे आले तशा तरतुदी झाल्या. पण दोन्ही वेळा ‘हे वगळून पाहा’ म्हटल्यावर दोन हजार कोटींहून अधिक रुपये वाचकाच्या नजरेतून सहज निसटले.

टाटा स्टीलच्या युरोपातल्या व्यवसायाची कथाही अशीच लांबलेली. २००७मध्ये घेतलेल्या कोरस या तिथल्या पोलाद कंपनीची किंमत वहीत मोठ्या प्रमाणावर घटवावी लागली ती २०१३मध्ये. दहा वर्षांनी, २०२३च्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीत, वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या भट्ट्या बंद करण्याच्या तयारीपायी पुन्हा अपवादात्मक खर्च आणि साडेसहा हजार कोटींचा तोटा. प्रत्येक वेळचे कारण पटण्यासारखे. तरी घरातला एक मुलगा दर दोन-चार वर्षांनी ‘या खेपेला तेवढे द्या, परत मागणार नाही’ म्हणत आला, तर त्याचे वडील एव्हाना त्या रकमेला महिन्याच्या खर्चात धरू लागतात. शेअर बाजारातले विश्लेषक पुष्कळदा वडिलांइतके सावध नसतात.

नफ्याच्या बाजूला खरोखरच ‘एकदाच’ म्हणावे अशी गोष्ट मुंबईकरांच्या ओळखीची आहे: गिरणीची जमीन. बॉम्बे डाइंगने २०२३मध्ये वरळीची सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीला ५,२०० कोटी रुपयांना विकायचे ठरवले. ज्या जमिनीवर एकेकाळी भोंग्याच्या तालावर पाळ्या चालायच्या, तिचा हा मोबदला. जमीन दुसऱ्यांदा विकता येत नाही. तिथे शंकेला जागाच नाही. तोट्यांच्या बाबतीत मात्र कंपन्यांची जीभ जरा सैल सुटते. वाईट आकडा आला की ‘हा वगळून पाहा’ हे पहिल्या वाक्यात येते. चांगला आकडा आला, की तो वगळायची सूचना तळटिपेत शोधावी लागते.

ही प्रवृत्ती नवी नाही. अमेरिकी शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेविट यांनी सप्टेंबर १९९८मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या भाषणात आकड्यांशी खेळण्याच्या ज्या युक्त्या मोजून दाखवल्या, त्यांत ‘बिग बाथ’ ही एक होती. वर्ष तसेही वाईट चालले आहे ना, मग सगळी घाण याच वर्षी धुऊन टाका; नवा मुख्याधिकारी आला असेल तर फारच उत्तम, दोष आधीच्यावर जातो. आपल्याकडे म्हणतात तसे एकदाचे गंगेत घोडे न्हाले. फक्त या न्हाण्यात पुढच्या दोन-तीन वर्षांचे खर्चही गुपचूप वाहून जातात. २००६मध्ये सारा मॅकव्हे या अभ्यासिकेने दाखवले, की काही व्यवस्थापक नेहमीचे खर्चच उचलून ‘विशेष’ रकान्यात टाकतात. यात शेवटची बेरीज बदलत नाही, म्हणून चूक पकडणे अवघड. बदलते ती फक्त वरची उपबेरीज, आणि विश्लेषकांचे लक्ष तिथेच खिळलेले असते.

मग व्याख्याच का करत नाहीत? प्रयत्न झाला होता. आंतरराष्ट्रीय मानक मंडळाने डिसेंबर २०१९च्या मसुद्यात सुचवले, की ज्या प्रकारचे आणि ज्या आकाराचे उत्पन्न किंवा खर्च पुढची कित्येक वर्षे पुन्हा होण्याची अपेक्षा नाही, त्यांनाच असामान्य म्हणावे. मसुद्याची शाई वाळते न वाळते तोच कोविड आला. बंद पडलेल्या कारखान्याचा भाडेखर्च असामान्य की नेहमीचा? सॅनिटायझरचा? न झालेल्या विक्रीचे काय? एकमत होईना. एप्रिल २०२४मध्ये अंतिम मानक निघाले, ते या व्याख्येविनाच. त्याऐवजी अट घातली, की कंपनीने बाहेर ‘समायोजित नफा’ वगैरे स्वतःचा आकडा मिरवला, तर तो कसा काढला याचा ताळमेळ लेखापरीक्षण झालेल्या टिपांत द्यावा लागेल. १ जानेवारी २०२७पासून ते लागू होते. शब्दाला कुंपण घालणे जमले नाही, म्हणून तो वापरणाऱ्याला सही करायला लावली, असा हा तोडगा. वाईट नाही.

सरकारच्या वहीतही हा शब्द असतो, फक्त त्याचा रकाना नसतो. ऑगस्ट २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने केंद्राला १,७६,०५१ कोटी रुपये द्यायचे ठरवले. त्यातले ५२,६३७ कोटी हे बिमल जालान समितीच्या शिफारशीनुसार जादा ठरलेल्या राखीव तरतुदींचे होते, म्हणजे साठवणीतले. ते त्या अर्थाने खरोखर एकदाचे. आणि शेतकऱ्यांची कर्जमाफी? केंद्राची २००८ची, महाराष्ट्राची २०१७ची दीड लाखांपर्यंतची, पुन्हा डिसेंबर २०१९ची दोन लाखांपर्यंतची. माफी योग्य की अयोग्य हा वाद इथे नको. ज्याच्या शिवारात पाऊस नाही त्याला तो परवडतही नाही. पण प्रत्येक वेळी अर्थसंकल्पात ती खास बाब म्हणून आली आणि बँकांच्या दारात ‘एकरकमी परतफेड’ म्हणून. पुढची माफी येईल या आशेवर हप्ता थांबवणाऱ्या शेतकऱ्याने आणि ‘एकदाच’ म्हणणाऱ्या मंत्र्याने तोच शब्द ऐकला आहे, दोघांनी अर्थ मात्र वेगळे लावले आहेत.

सामान्य गुंतवणूकदाराला यासाठी सनदी लेखापाल व्हायची गरज नाही. वर्तमानपत्रात येणाऱ्या निकालाच्या जाहिरातीत त्या ओळीवर बोट ठेवायचे, तिच्यासमोरचा टीपक्रमांक बघायचा आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरच्या पूर्ण निकालात ती टीप वाचायची. मग कंपनीचे मागचे पाच वार्षिक अहवाल काढून तोच रकाना शेजारी शेजारी लिहायचा. पाचपैकी चार वर्षांत तिथे आकडा असेल, तर त्याची सरासरी काढून नेहमीच्या खर्चात मिळवलेली बरी. रोखप्रवाहाचे पत्रकही उघडायचे: पैसा खरेच आला-गेला का, की नुसती पेनाची रेघ?

या वाचनाला ताजा अभ्यास हवा असेल तर तोही तयार आहे. देशात २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाची व्याख्या बदलली: एकूण मोबदल्यातला किमान निम्मा भाग आता वेतन धरायचा, आणि त्यावर ग्रॅच्युइटी. मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांना ती एका वर्षाच्या नोकरीनंतरच मिळू लागली. कर्मचाऱ्यांच्या मागच्या सगळ्या सेवेचे देणे एका फटक्यात वाढल्याने ऑक्टोबर ते डिसेंबरच्या निकालांत टीसीएसने २,१०० कोटींहून अधिक आणि इन्फोसिसने जवळपास १,३०० कोटी रुपये वेगळे काढून दाखवले. मागच्या वर्षांचा तो गठ्ठा एकदाचाच, याबद्दल वाद नाही. त्याच व्याख्येमुळे पुढच्या प्रत्येक महिन्याची ग्रॅच्युइटी जी वाढली आहे, ती मात्र कर्मचारी खर्चाच्या नेहमीच्या ओळीत, कुठल्याही चिठ्ठीविना, दर तिमाहीला बसत राहील.